जुळलं

मिरजेच्या त्या इस्पितळातल्या एक्स-रे खात्याला एक अंधारखोली होती आणि त्या खोलीचा कायदा एकच होता. कुठलीही फिल्म दोघांनी बघायची. पहिल्याने आपलं मत लिहून झाकून ठेवायचं. दुसऱ्याने ते न विचारता, आपल्या डोळ्यांनी फिल्म वाचायची. मग दोन्ही मतं उघडायची. सारखी निघाली तर दुसऱ्याने म्हणायचं, "जुळलं." नाही निघाली तर तिसऱ्याला हाक मारायची.

हा कायदा खात्याच्या जुन्या मोठ्या डॉक्टरांनी घालून दिला होता. खुर्चीतून न उठता ते आवाज द्यायचे, "काय, जुळलं का?" आणि कॉरिडॉरमध्ये बसलेल्या पेशंटांना वाटायचं, आत कुणाचं तरी लग्न ठरतंय. पुढे मोठे डॉक्टर गेले, फिल्मा गेल्या, पडदे आले. पडद्यावरच्या चित्राला लोक फिल्मच म्हणत राहिले. मतं सारखी निघाली की दाबायच्या बटणावर कंपनीने इंग्रजी शब्द दिला होता, तो डॉ. पद्मजा मगदूमने भांडून बदलून घेतला आणि तिथे मराठीत 'जुळलं' असं लिहवून घेतलं.

पद्मजा आणि तिचा नवरा अभिनंदन, दोघंही याच खात्यात शिकली आणि इथेच नोकरीला राहिली. लग्न करतोय म्हणून सांगायला गेली तेव्हा मोठे डॉक्टर फिल्मवरची नजर न काढता म्हणाले होते, "दोघांनी वेगवेगळं बघून ठरवलंय ना? मग जुळलं. जा आता, कामं पडलीत."

दोन हजार चौतीसच्या उन्हाळ्यात खात्यात पट्टी आली.

तिचं छापील नाव लांबलचक होतं. सगळे पट्टीच म्हणायचे, कारण ती कपाळाला बांधायची असे. ती काय करायची ते समजायला फार डोकं लागत नाही. आपला मेंदू नुसतं समोरचं बघत नाही, तो सारखा अंदाज बांधत असतो. अंधारात दोरी पडली असेल तर त्याला साप दिसतो. भिंतीचे पोपडे उडाले की त्यात नाकडोळे दिसतात. 'इथे काहीतरी आहे' असं म्हणायला मेंदूला किती पुरावा पुरतो, याचा एक उंबरठा असतो, आणि मेंदूच्या खोल भागातलं डोपामीन नावाचं रसायन तो उंबरठा वरखाली करतं. पट्टी एवढंच करायची. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ती कवटीतून आत, नेमक्या त्या भागावर सोडायची आणि उंबरठा थोडा खाली आणायची. जी आकृती एरवी मेंदूने 'काही नाही' म्हणून सोडून दिली असती, ती दिसायला लागायची.

हेच डोपामीन सुखाचंही रसायन आहे. त्यामुळे पट्टी लावून आकृती सापडली की कुलपात किल्ली फिरावी तसं आत काहीतरी टक् करून बसायचं आणि बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

पट्टी खोट्या आकृत्याही तेवढ्याच उत्साहाने दाखवायची. म्हणून पद्मजाने पहिल्याच आठवड्यात जुन्या कायद्याला एक शेपूट जोडलं. दोघांपैकी पहिल्याच्याच कपाळाला पट्टी. दुसरी नजर उघडी.

म्हैसाळच्या एका शिक्षिकेची मॅमोग्राफीची फिल्म अभिनंदनने पट्टी लावून बघितली, तो दिवस त्या दोघांच्याही चांगलाच लक्षात राहिला. तीन मोठ्या शहरांनी 'काही नाही' म्हणून परत पाठवलेली बाई. अभिनंदनला डाव्या स्तनाच्या वरच्या कोपऱ्यात, दुधाळ रेषांच्या जाळ्यात, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं. त्याने मत लिहिलं, झाकलं. पद्मजा उघड्या डोळ्यांनी कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने तोच कोपरा मोठा करून घेतला, मत लिहिलं, दोन्ही उघडली आणि श्वास सोडत म्हणाली, "जुळलं."

मग ती नवऱ्याकडे वळली. "हसतोस काय?"

"मी?"

"कॅन्सर सापडला आणि तू हसलास, अभि."

अभिनंदन ओशाळला. पूर्वी असा ठिपका दिसला की त्याच्या पोटात खड्डा पडायचा. या वेळी खड्डा पडला नव्हता, आत टक् झालं होतं. "पट्टीमुळे होतं गं ते," तो म्हणाला आणि पट्टी काढून टेबलावर ठेवली. शिक्षिका वाचली. पुढे तिने खात्याला पेढे पाठवले, ते सगळ्यांनी खाल्ले आणि हसण्याचा विषय मागे पडला.

सुकुमार आवटी आईच्या गुडघ्याची फिल्म घेऊन आला आणि इथून सगळं बिनसलं. सुकुमार म्हणजे अभिनंदनचा शाळेपासूनचा दोस्त, सांगलीत शेअर दलाली करायचा. माणूस दिलदार. बोलायला लागला की समोरच्याच्या हातातला चहा गार व्हायचा.

"अभ्या, हीच काय ती पट्टी? रोग दाखवती म्हणं."

"रोग नाही रे. आकृती दाखवते. तो रोग आहे का ते आम्ही ठरवतो."

"आकृती दाखवती?" सुकुमारने खिशातून फोन काढला. "मग हे बघ की जरा."

फोनवर कुठल्यातरी सिमेंट कंपनीच्या शेअरच्या भावाचा आलेख होता. अभिनंदनला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गंमत म्हणून त्याने बघितलं. वाकडीतिकडी रेघ. मग ती वाकडीतिकडी राहिली नाही. ती खाली उतरत आली होती, तळाशी रुंदावली होती आणि आता दुसऱ्या बाजूने काठापर्यंत चढत आली होती. आत टक् झालं.

"वाटी आहे," तो म्हणाला. "काठोकाठ भरत आलीय."

सुकुमारचा चेहरा बघण्यासारखा झाला. "लेका, आमच्यात ह्याला वाटीच म्हणतात. भरली की उतू जाती. तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सिमेंटचा भाव त्या आठवड्यात खरंच उतू गेला.

मग दर दोन दिवसांनी सुकुमारचा फोन यायला लागला. अभिनंदन कधी बरोबर यायचा, कधी चुकायचा. गंमत अशी की बरोबर आलं की त्याला आपलं वाटायचं आणि चुकलं की बाजार चुकला असं वाटायचं. माणसाचं मन या बाबतीत पक्कं लबाड असतं आणि हे अभिनंदनला, रोज खोट्या ठिपक्यांशी झुंजणाऱ्या माणसाला, कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण त्याला लोभ सुटला होता. तोही स्वतःसाठी सुटला असता तर त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

पद्मजाला एक गाडी हवी होती. आत मॅमोग्राफीचं यंत्र बसवलेली, जत-आटपाडीपर्यंत जाणारी, जिथल्या बाया गाठ सुपारीएवढी झाल्याशिवाय मिरजेला येत नाहीत तिथे जाऊन उभी राहणारी. इस्पितळाच्या विश्वस्तांनी दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून बोळवण केली होती. दोघांनी लग्नापासून त्या गाडीसाठी पैसे बाजूला टाकले होते, आणि यंत्रांच्या किमती त्या पैशांपेक्षा भराभर वाढत होत्या. अभिनंदनला तिच्यासमोर एके दिवशी ती गाडी आणून उभी करायची होती. बस, एवढंच.

चातुर्मासात सुकुमार एकदा जेवायला आला. मगदूम जैन, त्यांच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत होत. पद्मजा दिवसभर कितीही दमलेली असो, उजेडातच ताटं मांडायची. बाकी देवाधर्माचं ती फार करत नसे, पण सासूकडून आलेला हा एक नेम तिने सोडला नव्हता. पहिल्या भाकरीबरोबरच विषय निघाला.

"मला एवढंच सांगा," पद्मजा म्हणाली, "अभिला वाटी दिसली, ती खरंच आहे का, हे पडताळतं कोण? तुमच्यात दुसरी नजर कुणाची?"

"बाजाराचीच की, वहिनी. पैसे आले, म्हणजे जुळलं."

"ते जुळणं नव्हे. चुकून लागणं आणि जुळणं यात फरक आहे."

"पद्मजा, चातुर्मास चालू आहे," अभिनंदन हसत म्हणाला. "निदान नाकाने तरी कांदे सोलू नकोस."

सुकुमार खो-खो हसला. पद्मजा हसली नाही. तिने वाटीतली आमटी ढवळली आणि शांतपणे म्हणाली, "गाठीला कळत नाही अभि, तू तिच्याकडं बघतोयस ते. तू बघ नाहीतर नको बघू, ती आहे तिथंच असते. म्हणून तुझी पट्टी तिथं चालते. बाजाराला कळतं."

ती जे म्हणाली ते नीट समजून घेण्यासारखं आहे. फिल्मवरच्या ठिपक्यामागे काहीतरी असतं. पेशी असतात, त्या कुणाच्या मतावर वाढत नाहीत. भावाच्या रेघेमागे असं काही नसतं. तिच्यामागे लाखो माणसं असतात आणि ती माणसंही तीच रेघ बघत असतात. समजा, त्या रेघेत खरंच एखादी आकृती आहे, जी उद्या भाव चढणार असं सांगते. जितक्यांना ती दिसेल तितके आजच विकत घेतील. म्हणजे भाव आजच चढेल आणि उद्यासाठी काही उरणार नाही. आकृती वाचली गेली की वाचणाऱ्यांनीच ती पुसून टाकलेली असते. आणि जी पुसली जात नाही, ती बहुतेक वेळा नसतेच. ढगातल्या हत्तीला कुणी पुसू शकत नाही, कारण तो तिथे नाहीच.

"वहिनींचं म्हणणं खरं हाय," सुकुमार म्हणाला, "पण ते दुसऱ्यांकडं पट्टी आल्यावर. सध्या मिरज-सांगलीत एकच हाय."

वर्षभरात दुसऱ्यांकडेही आली. पट्टी बनवणाऱ्या कंपनीने घरगुती नमुना काढला, मोबाईलच्या दुकानांत मिळणारा, इस्पितळातल्यापेक्षा कमी जोराचा. सांगलीच्या चहाच्या गाड्यांवर दुपारी कपाळाला पट्ट्या बांधलेले लोक फोन बघत बसलेले दिसायला लागले. लांबून बघितलं तर सगळ्या गावाचं डोकं दुखतंय असं वाटायचं.

आणि पद्मजाचं म्हणणं खोटं ठरलं. निदान तसं दिसलं. माणसाच्या मेंदूला काही ठरावीक आकार मुळातच आवडतात. चेहरा, पायऱ्या, खांदे, वाटी. सगळ्यांचे उंबरठे सारखेच खाली आले, तेव्हा सगळ्यांना एकाच रेघेत एकाच वेळी वाटी दिसायला लागली. सगळ्यांनी एकदम घेतलं की भाव चढायचाच. वाटी दिसली म्हणून वाटी भरायची. अभिनंदनचे अंदाज आता जवळजवळ चुकेनासे झाले. त्याच्याकडे खात्याची जोरदार पट्टी होती, त्याला इतरांपेक्षा घटकाभर आधी दिसायचं.

"बघितलंस?" तो पद्मजाला म्हणाला. "जुळतंय."

"सगळ्यांनी पट्टी बांधल्यावर न जुळून सांगतंय कुणाला?" ती म्हणाली. "दुसरी नजर उरलीच नाही, अभि. तुम्ही सगळे मिळून एकच डोळा झालाय."

त्याने ते ऐकून सोडून दिलं. गाडीची नुसती चौकशी करायची म्हणून तो पुण्याला जाऊन आला होता. पांढरी गाडी, बाजूला निळा पट्टा. त्याने तिला सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी खात्यातल्या बायकांची मॅमोग्राफीची वार्षिक तपासणी असायची. परिचारिका, सफाईच्या मावश्या, डॉक्टर, सगळ्यांच्या फिल्मा एका दिवशी निघायच्या आणि दुपारून वाचल्या जायच्या. पहिलं वाचन डॉ. रोहित शिरगुप्पेकडे होतं. नुकताच खात्यात लागलेला, हुशार, सरांपुढे बोलायला कचरणारा. नेमाप्रमाणे पट्टी त्याच्या कपाळाला हवी होती. पण अभिनंदन सर सकाळपासून ती लावून बसले होते, आणि मागायचं कसं, हे त्याला समजेना. त्याने उघड्या डोळ्यांनी सगळ्या फिल्मा वाचल्या. सगळ्यांवर 'काही नाही' लिहिलं आणि रांग सरांच्या पडद्यावर पाठवली.

अभिनंदनच्या टेबलाखाली फोन होता. एका बँकेच्या रेघेत त्याला आयुष्यातली सर्वांत मोठी वाटी भरताना दिसत होती आणि बाजार बंद व्हायला थोडा वेळ उरला होता. पडद्यावर फिल्म आली. त्याने 'जुळलं' दाबलं. दुसरी आली, दाबलं. नजर टेबलाखाली आणि बोट बटणावर, असं ते काम उरकलं. त्या रांगेत त्याच्या बायकोचीही फिल्म होती. हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही त्या घडीला ते त्याच्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशी खात्यातली सर्वांत तीक्ष्ण नजर तिथे हजर होती, कपाळाला पट्टी बांधून, आणि ती चुकीच्या पडद्याकडे बघत होती.

संध्याकाळी ताटं मांडताना पद्मजाने सहज विचारलं, "माझी बघितलीस ना रे?"

"हो की," अभिनंदन म्हणाला. "जुळलं."

ती निर्धास्त झाली. भाकरी वाढली.

बँकेची वाटी दुसऱ्या दिवशी भरली, उतू गेली, आणि त्याहून मोठी वाटी दिसायला लागली. या वेळी ती एका कंपनीच्या रेघेत नव्हती, अख्ख्या बाजाराच्या रेघेत होती. देशभर ज्याच्या ज्याच्या कपाळाला पट्टी होती, त्याला ती दिसली. लोकांनी दागिने मोडले, प्लॉट विकले. अभिनंदनने गाडीसाठी साठवलेलं सगळं सुकुमारच्या हवाली केलं आणि विश्रामबागेतला फ्लॅटही तारण ठेवला. त्या फ्लॅटच्या कागदावर पद्मजाची सही लागत होती. "गाडीचं काम आहे, आत्ता विचारू नकोस," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि नवऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्या बायकांप्रमाणे सही केली. आयुष्यात दुसरी नजर न टाकता तिने केलेली ती एकच गोष्ट.

बाजार कोसळला तो सोमवार होता, सकाळची वेळ. तसं कारण काहीच घडलं नाही. युद्ध नव्हतं, सरकार पडलं नव्हतं. ज्यांना घ्यायचं होतं त्या सगळ्यांनी घेऊन झालं होतं, आणि घेणारं कुणी उरलंच नव्हतं. रेघ वाटीच्या काठावर पोचली आणि किंचित खाली आली. एरवी असली हालचाल दिवसातून दहादा होते. पण उंबरठे खाली आणून बसलेल्या लाखो मेंदूंना त्यात एकाच क्षणी एकच आकृती दिसली: वाटीला तडा गेला. सगळे एकदम विकायला धावले. विकत घ्यायला उघड्या डोळ्यांचं कुणी नव्हतं.

अभिनंदनलाही तडा दिसला. आत टक् झालं. सगळं बुडतंय हे डोळ्यांनी बघत असतानाही त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि पुढे आयुष्यभर त्याला सर्वांत जास्त लाज त्या क्षणाची वाटत राहिली.

दुपारी सुकुमारचा फोन आला. सदा खो-खो हसणारा माणूस लहान मुलासारखा रडत होता. "अभ्या, लोकांनी माझ्या तोंडाकडं बघून दिलं होतं रे. काय सांगू त्यांना? वाटी दिसली होती म्हणू?" महिन्याभरात त्याने सांगलीचं ऑफिस बंद केलं आणि हुबळीला बहिणीकडे निघून गेला. जाताना मित्राला भेटला नाही.

बाजारात पट्टीला बंदी आली. पद्मजा चिडली नाही, ओरडली नाही. फ्लॅट गेल्यावर दोघं इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. सामान लावताना तिला पुण्याच्या गाडीचं माहितीपत्रक सापडलं. पांढरी गाडी, निळा पट्टा. ती ते हातात धरून खाली बसली आणि रडली. "मला विचारायचंस ना रे," एवढंच म्हणाली. "मी थांबले असते की अजून दहा वर्षं."

अभिनंदनने पट्टी कपाटात ठेवून दिली, पण तोवर उशीर झाला होता. दिवसच्या दिवस खाली दाबून धरलेला उंबरठा वर येईना. पट्टी नसतानाही त्याला सगळीकडे आकृत्या दिसायला लागल्या. फरशीच्या डागांत, कुकरच्या शिट्ट्यांत, समोरच्या झाडावर बसणाऱ्या कावळ्यांत. पद्मजा घरी यायच्या वेळांत त्याला काहीतरी दिसलं आणि त्याने चारचौघांत तिला नको ते विचारलं. तिचं डोकं दुखलं तेव्हा त्याने हट्टाने स्कॅन करायला लावला आणि त्यात त्याला गाठ दिसली. गाठ नव्हती. महिन्याने तिच्या पोटाच्या फिल्ममध्ये दिसली. तिथेही नव्हती.

"पुरे झालं, अभि," ती म्हणाली. "आता माझ्याकडं बघू नकोस. डॉक्टर म्हणून तर नकोच."

खात्यातही तेच. पहिल्या नजरेत त्याला प्रत्येक बाईत कॅन्सर दिसायचा. पद्मजा 'जुळलं नाही' म्हणून म्हणून दमली. एकदा ती रजेवर असताना त्याने कुणाला न दाखवता रिपोर्ट पाठवला आणि कवठेमहांकाळच्या एका धडधाकट मुलीच्या अंगावर नाहक सुरी चालली. इस्पितळाने त्याला फिल्म वाचायला बंदी केली. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उंबरठा हळूहळू वर येईल म्हणाले, पूर्ण येईल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले. अभिनंदन घरी बसला. स्वयंपाक करायला शिकला. बायको यायच्या आत, उजेडात ताटं मांडून ठेवायचा. गोळ्यांनी कावळे पुन्हा कावळे झाले होते, पण भिंतीचे पोपडे अजून बघत असायचे.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी पद्मजा एका दुपारी लवकरच घरी आली.

"चप्पल घाल. खात्यात यायचंय."

"मला मनाई आहे."

"मी विचारलंय वर. एकच फिल्म आहे. रोहितने बघितलीय, आणि तुझ्या जागी तिसरं माणूस खात्यात अजून भरलेलं नाही."

"मग तू बघ की."

"मला ही बघून चालणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

अंधारखोलीत रोहित कोपऱ्यात उभा होता, खाली मान घालून. पडद्यावर फिल्म लावलेली होती आणि पेशंटच्या नावावर पद्मजाने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. अभिनंदन खुर्चीच्या काठावर बसला.

"पद्मजा, माझ्या नजरेचा भरवसा नाही गं. मला सगळ्यांतच दिसतं."

"दिसेल ते सांग. पडताळायला रोहितचं आहेच."

त्याने बघितलं. आधी नेहमीची जत्रा उठली. एक मासा, एक पंजा, एक डोळा. प्रत्येकाबरोबर ते हलकं टक्. त्याने दात आवळून ते जाऊ दिलं. आणि मग, उजव्या बाजूला, खालच्या आतल्या कोपऱ्यात, एक डाग. कडा फाटलेल्या, हरभऱ्याएवढा. तो बघताना आत काहीच वाजलं नाही. बरं वाटलं नाही. कितीतरी दिवसांनी त्याच्या पोटात खड्डा पडला, पट्टी येण्यापूर्वी पडायचा तसाच.

"उजवा," तो हळू म्हणाला. "खालचा आतला भाग. हा खरा आहे, पद्मजा. हा पट्टीतला नाही."

पद्मजाने रोहितचं झाकलेलं मत उघडून पडद्यावर आणलं. उजवा, खालचा आतला भाग. तीच जागा, तेवढाच आकार. कायद्याने तो शब्द दुसऱ्या नजरेने म्हणायचा असतो, म्हणून ती थांबली.

"जुळलं," अभिनंदन म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याचा ऊर भरून आला. वर्षभर वेड्यात निघालेली त्याची नजर आज बरोबर आली होती. "जुळलं गं! कोण आहे ही? आत्ताच्या आत्ता बोलावून घे, वेळ घालवू नका."

पद्मजाने पुढे होऊन चिकटपट्टी सोलून काढली. खाली तिचंच नाव होतं.

रोहित बाहेर निघून गेला. दार लागल्याचा आवाज झाला. मग पद्मजाने पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गेल्या वर्षीची फिल्म लावली. तिने जागा दाखवली नाही, गरज नव्हती. त्याच कोपऱ्यात, दुधाळ रेषांच्या आड, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. खाली रोहितचं 'काही नाही', आणि त्याखाली 'जुळलं', डॉ. अभिनंदन मगदूम.

"ही गाठ उघड्या डोळ्यांना दिसली नसती," पद्मजा म्हणाली. फिल्मवर चर्चा करताना ती नेहमी बोलायची तसंच बोलत होती. "रोहितचा दोष नाही. पट्टी लावून बघितली असती तर दिसली असती?"

"दिसली असती."

"पट्टी कुठं होती त्या दिवशी?"

अभिनंदन म्हणाला, "माझ्या कपाळाला."

त्याने वर बघितलं. भिंतीच्या पोपड्यांतही ज्याला माणसं दिसायची, त्याला आपल्या बायकोच्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचता येईना. त्याने पुन्हा पुन्हा बघितलं.

पद्मजाने दोन्ही फिल्मा बंद केल्या. खोली पूर्ण अंधारली. अंधारातच तिने पर्स शोधली, खांद्याला लावली आणि दार उघडलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये ऊन कलायला लागलं होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "दिवस आहे तोवर जेवून घेऊ."